दोघी मिळून एकच हेडसेट

मेडशी, ता. २६ डिसेंबर २०२५, शुक्रवार

हिरीबाई विहीणबाईले मेडशीहून कस्तुराबाईचा नमस्कार.

नमस्काराच्या आधी 'सप्रेम' लिहजो म्हणून राखी सांगून गेली होती. मी लिहलं नाही. जे नाही ते कायले लिहावं?

सतरा वर्षांनी तुमाले हात जोडून राह्यली त एवढं समजून घ्या का गरज माही नाही, आपल्या नातीची हाय. परवा आली होती ती. कॉलेजसाठी मालेगावले तुमच्या घरी ठेवली तवापासून माह्या घरी ती पाहुणीच. येते, जेवते, मोबाइल चार्ज करते, जाते. या वेळेस तिनं मले मोबाइलवर दोन फोटो दाखवले. कानावर घालायचे हेडसेट. एक काळा, एक पांढरा. तो बंदुकीचा खेळ खेळते ना ती, तिची चार पोरींची टीम हाय म्हणे, अन् अठरा जानेवारीले वाशिमले मोठा सामना हाय. जुना तुटला. मी म्हणलं, "काळा घे, मी देते." त म्हणे, "मालेगावची आजी पांढरा म्हणते. तीही देते म्हणे."

पाहा, माह्या आधी तुमी पोचल्याच.

मी म्हणलं, "मंग दोन्ही घे." त तुमची लाडाची नात काय म्हणे? "दोघी एकमेकीले इचारा अन् मिळून एकच घ्या. दोन आणले त मी एकही घालणार नाही. बिनहेडसेटची खेळीन अन् दोघींच्या नावानं हारीन." अस्सी जिद्दी. ही जिद्द आमच्या घरची नाही.

फोन काहून नाही केला म्हणाल. मागच्या दिवाळीले माह्या पोरानं, विकासनं, बळजबरीनं फोन देला होता माह्याजवळ. उजवा हात पिठात, म्हणून डाव्या हातानं कानाले लावला. तुमी तोंडातल्या तोंडात बोलत होत्या, मले एक शब्द समजला नाही. म्हणून चिठ्ठी. चौथी शिकली हाय मी. अक्षरं वाकडी असतीन, मतलब सरळ हाय. विकास मालेगावले येते तवा त्याच्याजवळ देते. तो वाचत नाही. आपली माय बायकोच्या मायले काय लिहते हे वाचायची त्याची हिंमत नाही.

आता हेडसेटचं. खेळात दुश्मन दिसत नाही, त्याच्या पायाचा आवाज येते. डाव्या बाजूनं येऊन राह्यला का उजव्या, हे कानानं समजलं पाह्यजे, नाही त मेली. काळा वायरीचा हाय, कानावर जाड गादी, तोंडासमोर खराट्याच्या काडीवानी माइक. पांढरा बिनवायरचा, त्याले निळे-जांभळे लाइट लागतात, पोळ्याच्या बैलावानी. लाइट पाहून माल घेणारी बाई कोण, हे मले विकासच्या लग्नातल्या तुमच्या जरीच्या लुगड्यावरूनच समजलं होतं.

अजून एक. मी राखीले इचारलं, "मालेगावच्या घरात असं काय हाय वो?" त म्हणे, "ती आजी ऐकते. तिच्याजवळ बोललं का ती ऐकते." म्हणजे मी ऐकत नाही? देवानं कान काय तुमालेच देले?

बारशाचा दिवस मी इसरली नाही, हेही लिहून ठेवते. पाळण्याच्या वरून-खालून पोर देतात-घेतात, त्यात पहिला मान बापाच्या मायचा. मी पाळण्याचा दोर बांधत उभी होती. वळून पाह्यते त तुमी पोरगी तुमच्या जावेच्या वटीत देऊन मोकळ्या. माही पहिली नात, अन् मी रिकाम्या हातानं उभी. गावातल्या बाया पाहून राह्यल्या होत्या.

उत्तर द्या. काळा.

कस्तुराबाई

*

मेडशी, ता. ३० डिसेंबर, मंगळवार

विहीणबाई,

उत्तर भेटलं. कॅलेंडरच्या पानामागं चार ओळी. कागदाचीही किफायत.

तुमी लिहता, "काळा जड हाय, पोरीचं डोकं नाजूक हाय, वायर अडकते, पांढराच बरा." बारशाचं म्याच काढलं, त्याच्यावर एक अक्षर नाही. बरं.

डोकं नाजूक? माह्या घरी होती तवा हीच पोरगी कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन वावरातून यायची. तुमच्याकडे दीड वर्षात तिचं डोकं नाजूक झालं. तुमी दर रविवारी तेल लावून देता म्हणे, बदामाचं. मी गोडतेल लावायची त तोंड वाकडं करायची. नाजूकपणा मले सांगू नका. बावीस हंगाम मळणीयंत्राच्या तोंडाशी उभी राहून सोयाबीनच्या पेंढ्या देल्या मी. बायांमंधी हे काम दुसऱ्या कोणाले जमलं नाही.

अन् वायरीचं म्हणता त ऐका. बैलाले दोर असते म्हणून तो संध्याकाळी घरी येते. बिनदोराचं जनावर दुसऱ्याच्या दावणीले जाऊन उभं राह्यते अन् तिथलाच चारा गोड लागते त्याले. मले अनुभव हाय.

माणसानं हट्टानं बोलू नये, पाहून बोलावं. मी मीठही पाह्यल्याशिवाय घेत नाही. परवा-तेरवा मालेगावले येऊन दोन्ही माल सोताच्या कानानं पाह्यते. तुमच्या दारात येणार नाही, चहा ठेवू नका.

राखीच्या मोबाइलवर, बटन दाबलं का पहिले जो फोटो येते, तो तुमचा अन् तिचा हाय. तुमच्या घराच्या गॅलरीतला. मले माहीत नव्हतं.

कस्तुराबाई

*

मेडशी, ता. २ जानेवारी २०२६, शुक्रवार

विहीणबाई,

आज निकाल लागला. बसून वाचा.

सकाळच्या यष्टीनं आली. स्टॅण्डासमोर नवीन नावाच्या पोराचं मोबाइलचं दुकान हाय, तिथं दोन्ही हेडसेट भेटतात, राखीनंच पत्ता देला होता. मी म्हणलं, "बाबू, काळा काढ, पांढरा काढ, दोन्ही चालू कर." त्यानं दोन मोबाइल घेतले, एकाले काळ्याची वायर लावली, दुसऱ्याले पांढरा बिनवायरीनं जोडला. म्हणे, "आजी, गाणं लावू का?" मी म्हणलं, "गाणं तुह्या लग्नात लावजो. पायाचा आवाज लाव, खेळातला."

मंग तो काळा माह्या डोक्यावर चढवायले लागला. मी म्हणलं, थांब.

आपण तूर पाहतो कशी? एका तळहातावर हा माल, दुसऱ्यावर तो. एकाच वेळेस. एक पाहून खाली ठेवला अन् मंग दुसरा पाह्यला त डोळा पहिल्याले इसरून जाते, अन् व्यापारी याच्यावरच जगते. कानाचंही तसंच. म्हणून मी काळ्याची उजवी वाटी उजव्या कानावर धरली अन् पांढऱ्याची डावी वाटी डाव्या कानावर. दोन्हीत एकच आवाज, एकच वेळ. नवीन म्हणे, "आजी, असं नाही पाहत. एकावेळी एकच घालतात."

मी म्हणलं, "माल पाहणं तू मले शिकवतं? तुह्या बापाच्या जन्माआधीपासून मी मोंढ्यात जाते."

दुकानात दोन-चार गिऱ्हाईक हसले. हसू द्या.

आता ऐका. काळ्यात असे पाय वाजले जसं कोणी घरावरच्या कवेलूवरून धावून राह्यलं. मी मागं वळून पाह्यलं, खरंच. अन् पांढरा? मेलेला. चूपचाप. आवाज वाढवायले लावला, दोनदा. पांढऱ्यात बारीक भुणभुण आली, जशी घागरीत माशी. नवीननं तो घेऊन सोताच्या कानाले लावला अन् म्हणे, "वाजून त राह्यला आजी, चांगला खणखणीत." दुकानदाराले आपला माल वाजतेच.

म्हणून काळा घेतला. डबा माह्या पेटीत हाय. तुमचा पांढरा मुका हाय, विहीणबाई. वरून लाइट, आतून मुका. मले आनंद झाला असं मी लिहणार नाही, पण येतांना स्टॅण्डावर उसाचा रस पेली. एकटीनं.

राखीले सांगा, ठरलं म्हणून.

कस्तुराबाई

*

मेडशी, ता. ६ जानेवारी, मंगळवार

हिरीबाई,

तुमी ते केलंच. मी पांढरा मुका म्हणून लिहलं अन् दुसऱ्या दिवशी तुमी त्याच दुकानातून तोच पांढरा घेऊन आल्या. वरून लिहता, "दोन्ही बाजूनं चांगला वाजते, राखीनं पाह्यला, मीही पाह्यला." म्हणजे मी खोटी?

आता दोन झाले, अन् पोरगी एकालेही हात लावत नाही. तुमची पोरगी ज्योत्स्ना सांगत होती, काल तुमच्या घरी बिनहेडसेटची सराव करत होती अन् तीनदा मेली, टीमच्या पोरी तिच्यावर बोंबलल्या. बारा दिवस राह्यले सामन्याले. याचा दोष कोणाचा? अर्धा तुमचा. उरलेल्या अर्ध्याचं मंग पाहू.

पण मी लिहायले बसली ते हेडसेटसाठी नाही. तुमी शेवटी जे लिहलं त्याच्यासाठी. तेच खाली उतरवून काढते, म्हणजे तुमालेही दिसन का काय लिहलं:

"बारशाच्या दिवशी मी पोरगी हातात घेऊन तुमच्या डाव्या अंगाले उभी होती. 'घ्या विहीणबाई' असं तीन वेळा म्हणलं. तुमी पाठ फिरवून दोराले गाठ मारत राह्यल्या. पहिली पोरगी झाली म्हणून तुमी घेतली नाही, हे मीच नाही, सगळ्या बायांनी पाह्यलं. शेवटी माह्या जावेजवळ देली."

साफ खोटं. तीन वेळा काय, एक वेळाही कोणी म्हणलं नाही. म्हणलं असतं त मी बहिरी होती काय?

पोरगी झाली म्हणून तोंड वाकडं करणारी मी नव्हती, हे गावात कोणालेही इचारा. म्या वाटलेल्या साखरेचं इचारा. ज्योत्स्नेले माह्या हातचे डिंकाचे लाडू गेले होते का नाही, तिलेच इचारा. तुमी हे सतरा वर्षं पोटात ठेवलं? अन् राखीले सांगतलं काय? खरं लिहा. तिले सांगतलं काय, का तुह्या आजीनं तुले घेतलं नव्हतं म्हणून?

म्हणूनच ती तुमच्या गॅलरीत फोटो काढते.

कस्तुराबाई

*

मेडशी, ता. १० जानेवारी, शनिवार

विहीणबाई,

राखी आज आली होती. दोन्ही हेडसेट घेऊन पाह्यले, तिचा आजा पण होता. दोन्ही बिघडेल निघाले.

तुमचं उत्तर भेटलं. "मी सांगतलं नाही, तिनं सोताच ऐकलं, बाया बोलत होत्या," असं लिहता. ठीक हाय.

आता जास्त लिहत नाही. तुरीचा धुराळा हाय, डोळे झोंबतात.

कस्तुराबाई

*

मेडशी, ता. १२ जानेवारी, सोमवार

हिरीबाई विहीणबाईले नमस्कार.

परवाची चिठ्ठी फाडून टाका. हेडसेट बिघडले नाहीत. एकही नाही.

काय झालं ते लिहते. लिहावं का नाही म्हणून दोन दिवस इचार केला. मी नाही लिहलं त राखी तुमाले सांगनच, अन् तुमी ते तिच्या तोंडून ऐकावं हे मले जमणार नाही.

पोरगी शनिवारी आली, पिशवीत पांढऱ्याचा डबा; काळ्याचा माह्या पेटीतून काढला. मले वसरीत बसवलं अन् म्हणे, "आजी, तू पांढरा मुका म्हणते ना? मंग तूच दाखव मले." पांढरा माह्या डोक्यावर घातला, अख्खा, दोन्ही कानांवर. पायाचा आवाज लावला. "सांग, कोणत्या बाजूनं येऊन राह्यले?" मी म्हणलं, "उजव्या." "आता?" "उजव्या." "आता?" "उजव्याच वो, कितीदा इचारतं?" मंग तिनं तो काढला अन् उलटा घातला. डावी वाटी उजवीकडे. "आता?" "उजव्या."

म्हणजे पांढऱ्याची डावी वाटी वाजत होती. चांगली खणखणीत. नवीन खोटं बोलला नव्हता.

मी म्हणलं, "काळा लाव." काळ्याचंही तेच. सुलटा घाला, उलटा घाला, जो उजव्या कानावर तोच जिवंत, डाव्यावरचा मेला. दुकानात मी काळा डाव्या हातात धरला असता अन् पांढरा उजव्या, त तुमचाच पांढरा उचलून आणला असता अन् काळ्याले मुका म्हणलं असतं. पस्तीस वर्षं तूर, गहू, सोयाबीन दोन तळहातांवर पाह्यली मी. दोन्ही तळहात सारखे हायेत का नाही, हे कधी पाह्यलंच नाही.

पोरीनं काळा काढून माह्या मांडीवर ठेवला. अन् आमचा बुढा, राखीचा आजा, खाटेवर आडवा पडेल होता, तो हसायले लागला. म्हणे, "मले त राखीच्या जन्माआधीपासून माहीत हाय. तो कान यंत्रानं खाल्ला. पेंढ्या टाकतांना यंत्र डाव्या अंगालेच असे ना."

मी म्हणलं, "माहीत होतं त सांगतलं काहून नाही?"

म्हणे, "सांगून काय फायदा? तीस वर्षांपासून तुह्या डाव्या बाजूले बसून मी सुखानं शिव्या देऊन राह्यलो. सांगतलं असतं त तू बाजू बदलली असती."

त्याले त्या दिवशी चहा भेटला नाही.

मंग राखीनं इचारलं. तिनं सरळ इचारलं, तिचा सोभाव तुमाले माहीत हाय. "आजी, बारशाच्या दिवशी मालेगावची आजी कोणत्या बाजूले उभी होती?"

तुमची चिठ्ठी पेटीत होती. मी काढून तिले वाचायले देली. डाव्या अंगाले, तुमीच लिहलं हाय. मी म्हणलं, "मले ऐकू नाही आलं वो. एकदाही नाही. मी गाठ मारून वळली त तू दुसऱ्याच्या वटीत होती." पोरगी म्हणे, "आजी, अन् मी चुलीजवळ बसून तुले सांगायची ते?"

चुलीच्या उजव्या बाजूले सरपण असते, विहीणबाई. माणूस डाव्याच बाजूले बसते. दहावीपर्यंत रोज ती तिथं बसून बोलत होती, अन् मी भाकरी थापत होती. मी समजत होती, पोरगी आपल्याच मनाशी बडबड करून राह्यली. ती समजत होती, आजीले माह्या बोलण्याची किंमत नाही. मंग तुमच्या घरी गेली. तुमी ऐकलं. तुमचे दोन्ही कान चांगले हायेत. याच्यासाठी मी तुमच्यावर दीड वर्ष जळली. खरं लिहायचं त अजूनही जळते, पण आता थोडं कमी.

तुमीही काही कमी नाही, हे लिहल्याशिवाय राहवत नाही. तीन वेळा म्हणलं तुमी. चौथ्यांदा खांद्याले हात लावला असता त काय बांगडी फुटली असती? मी वळली असती. सतरा वर्षं वाचली असती. तुमाले मान होता, मले कान नव्हता, अन् पोरगी मधात.

विकास म्हणते वाशिमले कानाच्या डॉक्टरजवळ नेतो. पाहू, तुरीची मळणी झाल्यावर. या वर्षी यंत्राजवळ मी उजव्या अंगानं उभी राहणार नाही, एवढं ठरवलं. कोणत्याच अंगानं नाही म्हणते ज्योत्स्ना. तुमचीच पोरगी, हुकूम करते.

आता हेडसेटचं, कारण सहा दिवस राह्यले. राखीची अट होती, दोघींनी मिळून एकच. त मी लिहून देते: पांढरा. वायर अडकते, काळा जड हाय, तुमचं बरोबर होतं. पोरगी जिंकली त 'माह्या हेडसेटनं जिंकली' म्हणून मालेगावभर सांगत फिरू नका. तुमी सांगानच, पण हळू सांगा.

काळा मी ठेवला. राखीनं माह्या मोबाइलात काहीतरी बटन फिरवलं, आता डाव्या बाजूचा आवाजही उजव्याच वाटीत येते. काल तो घालून विकासले फोन केला. तो वावरात होता, मागं टिटवी ओरडत होती तेही ऐकू आलं. बुढा डाव्या बाजूले बसून बडबड करते त मी हेडसेट घालते. तो समजते मले ऐकू येऊन राह्यलं. चूप बसते.

परवा संक्रांत हाय. राखी इकडेच हाय. सकाळच्या यष्टीनं या. तुमच्या दारात मी आली नाही, पण तुमी या, तुमचं मन माह्यापेक्षा मोठं हाय असं सगळे म्हणतात, त दाखवा. वसरीत पाट मांडून ठेवते, माह्या उजव्या अंगाले. चुलीजवळचं सरपणही बाजूले सरकवलं हाय.

पोरगी आता घोडी झाली, कोणाच्या वटीत मावणार नाही. तरी तिचा हात धरा अन् जे त्या दिवशी म्हणलं ते एकदा म्हणा. एकदाच, तीनदा नको.

मी घेते का नाही, ते मंग सगळ्या बायांसमोर पाहा.

कस्तुराबाई